चिठ्ठीतला ‘च’

रविवार, माघ महिना, सन १९४७
गोठ्यात, होडीशेजारी

सकाळी सहाच्या मोटारीनं निपाणीहून बेळगावला गेलो. अनगोळात उस्मान मिस्त्रीचं घर शोधलं. तासभर बसलो. अकराच्या मोटारीनं परत निघालो, निपाणीला न उतरता कोगनोळीपर्यंत आलो आणि तिथून चालत गावात. दूधगंगेला पाणी गुडघ्याएवढं आहे. जेवलो नाही. वहिनी माहेरी गेली आहे, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. अजून ऊन आहे.

प्रिय अण्णा,

उद्या चावडीवर फौजदार यायचा आहे. तुझ्या बुडण्याबद्दल माझा जबाब घ्यायचा आहे. अर्ज मीच केला होता आणि त्यात रामा अंबीचं नाव मीच लिहिलं होतं. जबाब द्यायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र. तू होतास तेव्हा मी तुला दोनच पत्रं लिहिली, दोन्ही बियाणाबद्दल. हे तिसरं.

तुझी होडी इथं माझ्या उजव्या हाताला पालथी पडली आहे. तू गेल्यापासून ती नदीवर गेली नाही. तीन महिने झाले.

ती गावात आली तो दिवस आठवतो का रे? लढाई संपली, छावणीतल्या मोटारींच्या कारखान्यानं तुला घरी पाठवलं, आणि माणसं घरी येताना कापड आणतात, धान्य आणतात, तू लष्कराच्या लिलावातून होडी आणलीस! बैलगाडीवर पालथी घातलेली. दोन ठिकाणी चेपलेली, एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक, हिरव्या रंगाखाली पुसट आकडे. ब्रह्मदेशातल्या खाऱ्या पाण्यातून आलेली आहे असं तू सांगत होतास. वहिनीच्या पातेल्यांचा असतो तोच धातू. मी शाळेत मुलांना ‘अल्युमिनियम’ म्हणायला शिकवतो, पण आपल्याकडं कोण म्हणतं? सगळे जर्मनच म्हणतात.

पोलीस पाटलांनी गाडीच्या मागं चालत चालत विचारलं होतं, “अण्णा, जर्मन तर बुडला की रं लढाईत! ही कशी तरायची?”

“बुडला म्हणून तर स्वस्तात गावली, पाटील!”

अख्खी गल्ली हसली होती. मीसुद्धा हसलो. एक रामा हसला नाही. तो होडीवर बोटाच्या पेरानं टकटक करत राहिला. तीस वर्षं नदीवर नाव चालवणारा माणूस. आपण दोघं लहानपणी त्याच्याच नावेतून पलीकडच्या रानात जायचो. तो म्हणाला, “नावंला लाकूड पायजे, अण्णा. लाकूड पाण्यात फुगतंय, आपली भेग आपुन मिटवतंय. ह्यो डबा काय फुगणार? ह्या नदीत टिकायची न्हाय ही.”

अर्जात मी त्यातलं फक्त शेवटचं वाक्य लिहिलं. ‘सदर इसमाने पूर्वीच असे उद्गार काढले होते की, ही होडी या नदीत टिकणार नाही.’ लाकडाबद्दलचं सगळं गाळलं. तेव्हा ते गैरलागू वाटलं होतं.

तू त्या होडीचं काय काय केलंस! आधी लोखंडी बाकं काढून टाकलीस. बांधावरचा आंबा वादळात पडला होता, त्याच्या फळ्या तळाशी बसवल्यास. जाळं ठेवायला पेटी केलीस, जिवंत मासे ठेवायला भोकांचा डबा. पुराचं पाणी कापायला पुढचं टोक ठोकून ठोकून वर उचललंस. मोठ्या भोकावर ठिगळ लावायला पत्रा कुठं मिळेना, तर वहिनीचं पातेलं कापलंस. ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा सगळी आळी ऐकत होती. “शेतकऱ्याच्या घरात होडी कशाला पायजे म्हणते मी! आन् पायजे तर तुमी बसा की तिच्यात भात शिजवत!”

रंग खरवडून तू ती चिंचेनं घासलीस. अशी लखलखली की रामा म्हणाला, “मासं त्यात आपली थोबाडं बघत्यात आन् पळत्यात.” दुसऱ्या दिवशी तू मुकाट्यानं बाहेरून तळाला डांबर फासलंस. त्याचं ऐकलंस. हेही मी अर्जात लिहिलं नाही.

आता चिठ्ठीचं.

फाल्गुनात मला शिक्षकांच्या सभेला बेळगावला जायचं होतं. तू निपाणीला माझ्या खोलीवर चिठ्ठी पाठवलीस. होडीची मधली शिवण उसवली होती, ती नव्यानं ठोकायला रिबिटं, म्हणजे पत्रे जोडायचे डोकेवाले खिळे, हवी होती. चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे. ‘बाळू, जातोयस तर अनगोळात उस्मान मिस्त्रीकडनं रिबिटं आण. जर्मनचेच आण.’ व्याकरण चुकलेलं आहे. रिबिटं आधी नपुंसकलिंगी, मग पुल्लिंगी. मला आठवतं, मी ती चूक पाहून मनात हसलो होतो.

सभा लांबली. अनगोळ लांब पडत होतं. अनोळखी मिस्त्रीच्या दारात जाऊन काय बोलायचं याचाही संकोच वाटला. तू मला ओळखतोस. बाजारात विचारलं तर जर्मनची रिबिटं कुणाकडं नव्हती. शेवटी तांबटांच्या गल्लीतून तांब्याची घेतली. मला वाटलं, बरंच झालं. देवाची पळी तांब्याची, पंचपात्र तांब्याचं. जर्मनच्या ताटात हॉटेलवाले वाढतात. भावाच्या होडीला भारीतली वस्तू नेतोय, याचा मोटारीत बसल्यावर अभिमानच वाटत होता.

पुडी तुझ्या हातात दिली. तू एक रिबिट तळहातावर घेऊन वर उडवलंस, झेललंस.

“मिस्त्री गावला न्हाय व्हय?”

“वेळ नव्हता.”

“झ्याक हाईत की.” मग थोडं थांबून, “ऱ्हाऊ दे. चालतंय.”

त्या थोड्या थांबण्याकडं मी लक्ष दिलं नाही. पुढच्या रविवारी तू सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक रिबिटाखाली घालायला रबराची चकती केलीस. मला ती नक्षी वाटली. ठोकून झाल्यावर लाल डोक्यांची रांग उन्हात चमकत होती आणि तू वहिनीला हाक मारून म्हणालास, “बघ गं, बाळूनं हिला कुंकू लावलं!”

अण्णा, तू तेव्हाच का बोलला नाहीस?

आषाढात पूर आला आणि तुझ्या होडीचं नाव झालं. पलीकडच्या रानातल्या बायका तण भांगलून आल्या की तू त्यांना भाऱ्यासकट आणायचास, काही न घेता. रामाची नाव वडाच्या झाडाला बांधलेली असायची. तो काठावर बसून चुन्याची डबी उघडायचा, तंबाखू मळायचा, तुझ्याकडं बघत राहायचा. मी रविवारी आलो की त्याला असा बसलेला बघायचो. माझ्या मनात शंकेनं घर केलं ते तेव्हाच. तुला सांगितलं तर तू म्हणालास, “बघू दे की. बघायला काय लागतंय?”

दिवाळी झाली. भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. मी सुट्टीवर होतो. सकाळी नदीवर गेलो तर रामा तुझ्या होडीशी उकिडवा बसलेला. एक हात होडीच्या मागच्या अंगाखाली. मला बघून चटकन उठला, हात धोतराला पुसला. “काय करतोस रे?” म्हटलं. “काय न्हाय मास्तर,” म्हणाला आणि निघून गेला. धोतरावर पांढरे डाग होते.

हे मी तुला सांगितलं नाही. आधी खात्री करावी असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तू एकटा डोहावर जाळं टाकायला गेलास. मासा चांगला लागला असणार, कारण होडी काठापर्यंत पाण्यात बसली होती, असं पलीकडं गुरं राखणाऱ्या म्हातारीनं सांगितलं. मग होडी मधोमध खचून पाण्यात गेली. तू पट्टीचा पोहणारा. पण जाळं पायाला वेढलं होतं. दुपारी तुला काढलं, होडी दुसऱ्या दिवशी रेड्यांची जोडी लावून ओढली.

तेराव्यानंतर मी होडी तपासली. तळाला डांबर निघालेल्या जागी पांढरी भुकटी धरली होती. बोटाला लागणारी, चुन्यासारखी. मी ती खरवडून वहीच्या पानात पुडी बांधली. मग चावडीवर गेलो. पाटलांनी रामाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं.

“व्हय, चुना मीच लावला,” रामा म्हणाला. “मागनं पाणी झिरपत हुतं. तेलात चुना आन् कापूस मळून भरला. आमी नावंला भरतोय तसा. अण्णाला सांगितलं असतं तर हसला असता मला.”

पण ‘चुना मीच लावला’ इथपर्यंतच लोकांनी ऐकलं. मीही तिथपर्यंतच ऐकलं. पुढचं सगळं बनाव वाटलं. त्याच दिवशी पंचांनी त्याची नाव साखळीनं बांधली, निकाल लागेपर्यंत नदीत उतरायचं नाही. त्याची बायको आता निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाते. शाळेच्या वाटेवर मला दिसते. ती मान खाली घालत नाही. मी घालतो.

तरीही मागच्या रविवारपर्यंत माझी खात्री होती. फौजदाराला नीट दाखवता यावं म्हणून मी होडी उताणी केली आणि तू बसवलेल्या आंब्याच्या फळ्या उचकटल्या. त्यांचे खिळे गंजून धरून बसले होते. फाल्गुनात रिबिटं मारून तू त्या परत ठोकल्यापासून कुणी काढल्या नव्हत्या, हे उघड होतं. पण फळ्यांखालीही तीच पांढरी भुकटी! रामाचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं. मी गुडघ्यावर बसून एकेक रिबिट पाहिलं. लष्करानं ठोकलेली जुनी, जर्मनची, त्यांच्याभोवती काही नाही. मी आणलेली तांब्याची, प्रत्येकाभोवती पांढरं कडं. पत्रा चाळणीसारखा झालेला. मधल्या शिवणीतलं एक रिबिट मी चिमटीत धरलं तर ते हातात आलं. पिकलेल्या बोरासारखं, अण्णा. काही जोरसुद्धा लावावा लागला नाही.

निपाणीला परत गेलो. तुझी चिठ्ठी शोधली. व्याकरणाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली सापडली. मी आठवड्यातून चार तास मुलांना शब्दयोगी आणि क्रियाविशेषण शिकवतो. ‘रामच आला’ म्हणजे दुसरं कुणी नाही आलं, ‘च’ने निश्चय दाखवला जातो, हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल. आणि तू एवढासा ‘च’ लिहिलास तो मला वाचता आला नाही. लिंग मात्र तपासलं.

म्हणून आज अनगोळ. फाल्गुनात जायला हवं होतं तिथं माघात गेलो.

उस्मान मिस्त्री म्हातारा झाला आहे, डोळ्याला कमी दिसतं. मी ते रिबिट त्याच्या हातात ठेवलं. त्यानं अंगठ्यानं चाचपलं. “तांबं. म्हंजे तुमी अण्णाचे भाऊ.”

मी विचारलं, कसं ओळखलं?

“आलता की अण्णा. म्हणाला, भावानं तांब्याचे आणलेत. मी म्हटलं, अरे वेड्या, तांबं आन् जर्मन एका पाण्यात नांदत न्हाईत. तांबं जर्मनला खातंय. त्यात ही होडी खारं पाणी प्यालेली. काढून टाक. तर म्हणाला, आत्ताच ठोकलेत, लगीच काढले तर बाळूला काय वाटंल? लई हौसेनं आणलेत त्यानं.”

“मग?”

“मग रबराची चकती तेवढी घाल म्हणालो, पहिली ठोकली असशील ती काढून परत ठोक. पर चकती डोक्याखाली. खिळा भोकातनं जातोय तिथं काय घालणार? दिवाळी झाली की बदलतो म्हणाला. पाणी उतरल्यावर.” त्यानं फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढं सरकवला. “हे त्याचेच. सांगून ठेवलेले. वाट बघत हुतो.”

डबा हलका होता. जर्मनची रिबिटं हलकी असतात. मला तेही माहीत नव्हतं.

मी उठायला लागलो तेव्हा तोंडातून प्रश्न निघून गेला. “मिस्त्री, चुनासुद्धा जर्मनला बाधतो का?”

“बाधतो की. थोडाफार.”

अण्णा, आता जे लिहितो ते तुलाच लिहितो. ते ऐकून मला बरं वाटलं. मोटारीत बसून चिकोडीचा फाटा येईपर्यंत मी उद्याचा जबाब मनात जुळवत होतो. तांब्याचं नावच काढायचं नाही. चुना बाधतो, मिस्त्रीचा दाखला, रामाची कबुली, पुडी. सगळं खरं. एकही शब्द खोटा नाही. तीन महिने मी रामावर नजर ठेवून होतो, स्वतःवर ठेवायला हवी होती हे तेव्हा लक्षात आलं. त्यानं चुना भरला तो मागच्या टोकाला, हातभर जागेत. होडी उसवली मधे. ज्या लाल रांगेला तू कुंकू म्हणालास, तिथं.

नदी ओलांडताना रामा काठावरच होता. साखळीनं बांधलेल्या नावेत पाणी मारत होता, उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून.

“आलासा, मास्तर?”

“आलो.”

“उद्या काय बोलणार हाईसा?”

काखेत तुझा डबा होता. त्यातली रिबिटं खुळखुळत होती, ते त्यालाही ऐकू गेलं असणार.

“काय बी बोला,” तो म्हणाला. “पर माझ्या तोंडाकडं बघून बोला. त्या दिशी चावडीवर भिताडाकडं बघून बोलला हुतासा.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढं पाणी ओलांडून आलो आणि ‘येतो’ एवढंच म्हणालो. तू ‘चालतंय’ म्हणालास, मी ‘येतो’ म्हणालो. आपण दोघंही असे कसे रे? तुला माझं मन मोडवत नव्हतं, आणि मला एका मिस्त्रीचं दार वाजवायची लाज वाटत होती. एकदा शिवी देऊन ती पुडी माझ्या अंगावर फेकली असतीस तर? मी आठ दिवस रुसलो असतो. वहिनीनं समजूत काढली असती. तू असतास.

मला तुझा राग येतो आहे. आजपर्यंत आला नव्हता, रामाचाच येत होता. तो त्याच्यावरून उठला आणि जायला दुसरी जागा नाही. वहिनीलाही सांगायचं आहे. ती काय म्हणेल ठाऊक नाही. ती मला ‘भाऊजी’ म्हणते तशी म्हणत राहील का, याचीही खात्री वाटत नाही. पण तिला फौजदाराच्या कागदावरून कळू नये. बुधवारी तिच्या माहेरी जाईन.

उद्याचं ठरलं आहे. चिठ्ठी खिशात घेऊन जाईन आणि फौजदाराच्या हातात देईन. रिबिटं कुणी आणली, कुठून आणली, कुणाकडून आणायला सांगितली होती आणि अर्जातलं रामाचं वाक्य मी कुठं तोडलं, हे पाटलांसमोर, पंचांसमोर सांगेन. रामाच्या तोंडाकडं बघून. साखळी माझ्या हातानं काढायला परवानगी मागेन. ती दिली नाही तर चावडीच्या पायरीवर बसून राहीन. अपघातच लिहून घेतील आणि मला सोडून देतील, तेही मला कळतं. गाव काय म्हणेल ते म्हणू दे.

आणि होडी. तांब्याचं एकेक रिबिट काढून तुझ्या डब्यातली ठोकीन. मला ठोकता येत नाही, शिकेन. चाळण झालेल्या पत्र्यावर ठिगळ लागेल, त्याला खोलीवरचं माझं एकुलतं पातेलं कापीन. मग रामाला विचारीन, नेतोस का म्हणून. बहुतेक तो म्हणेल, असला डबा मला फुकटबी नको. म्हणाला तर म्हणू दे. होडी नीट करीन. जर्मनचीच.

इथवर लिहून उठलो होतो. कोनाड्यातली पुडी काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘पुरावा’ लिहिलेलं होतं. उकिरड्याकडं जाऊन झटकली. गुरांच्या हौदावर हात धुतले. नखात थोडं पांढरं राहिलं होतं, ते कडब्याची काडी घेऊन काढलं.

तुझा,
बाळू